घरच्या घरी वीज : अर्धे सांगितलेले उत्तर

लालबागला ‘गॅस कंपनी लेन’ आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतले रस्त्यांवरचे दिवे कोळशाच्या ज्या वायूवर जळत, त्यात जवळजवळ निम्मा हायड्रोजन असे. तेव्हा हायड्रोजन या वस्तीला नवा नाही. नवे आहे ते त्याच्या नावाने दिले जाणारे आश्वासन : घरात इंधनघट बसवा, वीज घरीच तयार होईल आणि बाहेर पडेल फक्त पाणी.

तत्त्व खरे आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास ते दाखवले. जानेवारी २०२४ मध्ये ‘इस्रो’ने असा घट अवकाशात चालवून १८० वॅट वीज मिळवली. पण तिथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांत भरून नेले होते. गिरगावच्या चाळीत हायड्रोजनची नळी येत नाही. आलाच तर नळाचा गॅस येतो, म्हणजे मुख्यतः मिथेन. वाफेच्या मदतीने त्यातून हायड्रोजन काढताना मिथेनच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू तयार होतोच. मिथेन शेगडीत जाळला तरी तेवढाच होतो. विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावरचे ‘फक्त पाणी’ आम्हाला खटकते ते यासाठी.

उदाहरण दिले जाते जपानचे. तिथे २००९ पासून ‘एने-फार्म’ हे घरगुती संच विक्रीला आले. पण त्यांची खरी कमाई उष्णतेत आहे. गॅसमधल्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्क्यांची वीज होते, त्याहून जास्त ऊर्जा पाणी तापवते. कडक थंडीत टब भरून स्नान करणाऱ्या घराला ती हवीच असते. दादरच्या दोन खोल्यांत मे महिन्यात तिचे काय करायचे? ती वाया गेली की उरतात ४० टक्के. आणि वायूवर चालणारी आधुनिक संयुक्त-चक्र वीजकेंद्रे ५५ टक्क्यांच्या पुढे जातात. तारांतली गळती धरली तरी घरचा घट मागेच राहतो. अतितप्त घन-ऑक्साइड घट जास्त वीज देतात हे खरे, पण वारंवार चालू-बंद करणे त्यांना मानवत नाही. आपल्या घरी दिवे-पंखे तर संध्याकाळीच लागतात!

हा हिशेब वर्गात जरूर करावा. एक घनमीटर गॅसमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, म्हणजे ४ युनिट वीज. महिन्याला १०० युनिट लागत असतील तर २५ घनमीटर गॅस झाला. मुलांनी घरची विजेची आणि गॅसची बिले आणून दर तपासावेत. मग हेच गणित परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयासाठी मांडावे. तिथे गरम पाणी बारा महिने, चोवीस तास लागते. उत्तर वेगळे येईल.