पांढऱ्या वाटा आणि त्यांचे वर्णन

प्रवासवर्णन आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण वाटेचे वर्णन हा त्याचा एक धाकटा भाऊ आहे. त्याच्याकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. युरोपात सायकलीवरून हिंडणाऱ्यांसाठी जी मार्गपुस्तके निघतात, ती या जातीची. स्पेनमधील कादिझपासून सायप्रस बेटापर्यंत जाणारा ‘युरोव्हेलो ८’ हा मार्ग, १९३५ साली बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या आगगाडीच्या जागी झालेली त्रिएस्ते ते पोरेच ही ‘पारेंझाना’ वाट, इटलीतील तस्कनी आणि उंब्रिया प्रांतांतल्या खेड्यापाड्यांचे रस्ते, यांची सविस्तर वर्णने मी गेली काही वर्षे आवडीने वाचीत आलो आहे. या वाटांवर मी सायकल चालवलेली नाही. मी त्या वाचल्या आहेत, आणि टीकाकाराला तेवढा अधिकार पुरतो असे मी मानतो.

या पुस्तकांत असते काय? इतके किलोमीटर, इतका चढ, अमुक वळणावर पिण्याचे पाणी. मग टेकड्या, सरूच्या झाडांची रांग, ऑलिव्हच्या बागा, द्राक्षांचे मळे, आणि मुक्कामाला उत्तम मद्य. भूगोलाच्या तासाला भूमध्य सागरी हवामान शिकवताना आम्ही मास्तर लोक कोरडा उन्हाळा, हिवाळ्यातला पाऊस, ऑलिव्ह आणि द्राक्षे अशी चार नावे फळ्यावर लिहितो व पुढच्या धड्याकडे वळतो. ही पुस्तके त्याच चार नावांना विशेषणे जोडतात. एवढाच काय तो फरक.

येथे कोणी म्हणेल, वाटाड्याकडून वाङ्मयाची अपेक्षा कशाला करावी? त्याने चढ-उतार बिनचूक सांगितले की काम झाले. हे मला मान्य आहे. पण ही पुस्तके चढ-उतारावर थांबत नाहीत. ती त्या प्रदेशाचे ‘खरे रूप’ दाखवू पाहतात. आणि ज्याने रूप दाखवण्याचे पत्करले, त्याने काय पाहिले आणि काय गाळले हे विचारण्याचा हक्क वाचकाला मिळतो.

तस्कनीतील पांढऱ्या मुरमाच्या कच्च्या वाटांचेच उदाहरण घेऊ. १९९७ साली कियांती भागातील गायोले या गावी जान्कार्लो ब्रोच्ची यांनी ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार होते. सायकली जुन्या घडणीच्या, १९८७ पूर्वीच्या, हा तिचा नियम. या वाटा डांबराखाली जाऊ नयेत हा तिचा हेतू, आणि तो स्तुत्य आहे. ‘लेरोइका’ म्हणजे वीरांची. ज्या काळी अशा रस्त्यांवरून शर्यती होत, त्या काळच्या सायकलपटूंना हा मुजरा आहे.

पण या वाटा मुळात कोणाच्या? तस्कनीत शतकानुशतके ‘मेत्साद्रिया’ ही पद्धत होती, आपल्याकडील अर्धलीसारखी. जमीन आणि घर मालकाचे, राबणूक कुळाची, आणि पीक निम्मेनिम्म. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे शहरांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी आली. टेकड्यांवरची दगडी घरे ओस पडली, आणि पुढे त्यांतल्या कितीतरी घरांत पाहुण्यांची सोय झाली. मार्गपुस्तके ज्या निवांतपणाची वाखाणणी करतात, तो बराचसा माणसे उठून गेल्यामुळे आलेला आहे. हे वाक्य त्या पुस्तकांत मला क्वचितच आढळले.

याउलट दिनो बुझाती पाहा. ‘तार्तारांचे वाळवंट’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १९४० साली लिहिणारा हा लेखक १९४९ मध्ये ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या वृत्तपत्रातर्फे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीबरोबर पालेर्मोपासून निघाला. तो मोटारीतून जात होता, सायकलीवर नव्हता. त्याची वार्तापत्रे मी इंग्रजी भाषांतरात, शब्दकोश जवळ ठेवून वाचली. कोप्पी आणि बार्ताली यांच्या झुंजीला तो अकिलीज आणि हेक्टर यांच्या द्वंद्वाचे रूप देतो, तेथे त्याची लेखणी मला जरा सैल सुटल्यासारखी वाटते. चौतीस वर्षांचा बार्ताली मागे पडतो यात कारुण्य आहेच. त्याला होमरची मदत नको होती. पण शर्यत कॅसिनोवरून जाते, तेव्हा बुझाती सायकलपटूंना बाजूला ठेवतो. १९४४ च्या लढायांत जमीनदोस्त झालेल्या जुन्या गावाची भुते शर्यतीसाठी जागी होतात अशी कल्पना तो करतो. कादंबरीकाराची नजर म्हणतात ती ही. रस्ता कोणावरून गेला आहे, हे त्याला विसरता येत नाही.

त्या रस्त्याशी आपलाही संबंध आहे. कॅसिनोला हिंदी पलटणी लढल्या. पुढे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ते ठाणे त्यांनी मोडले आणि तेथेच ते पडले. वय बावीस; गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ साली उंब्रियातील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. त्याच टायबरच्या काठाने आज सायकलींची वाट जाते.

उद्या एखादा मराठी तरुण त्या वाटेने जाईल आणि परत येऊन लिहील. चढ त्याच्या पायांनी मोजलेला असेल. मोटारीत बसलेल्याला न कळणारी जमीन सायकलवाल्याला श्वासाश्वासाला कळते, आणि हे त्याचे मोठेच भांडवल आहे. मात्र पायांना कळलेले सगळे शब्दांत आपोआप उतरत नाही. त्यासाठी वाटेत उतरून, हे घर कोणाचे होते, हा बांध कोणी घातला, येथे कोण पडले, असे विचारावे लागते. तेवढे त्याने विचारले, तर सरूची रांग आणि मद्याचा पेला यांचे वर्णन त्याने खुशाल करावे. मी ते आनंदाने वाचीन.