मोजणे, वर्ज्य करणे आणि मात्रा : मराठी आहारचर्चेचे चिकित्सक वाचन

गोषवारा

वजन घटविण्यासाठी पिष्टमय पदार्थ कमी करावेत की उष्मांक मोजून खावे, हा वाद जगभर चालू आहे. महाराष्ट्रात या वादाला डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या मांडणीमुळे स्वतंत्र मराठी रूप प्राप्त झाले. प्रस्तुत लेखात या दोन मांडण्यांचे चिकित्सक वाचन केले असून उपलब्ध वैद्यकीय चाचण्यांच्या आधारे त्यांचे मूल्यमापन केले आहे. दोन्ही मांडण्या मोजणीला नकार देतात. परंतु मोजणी नाकारल्याने प्रमाणाचा प्रश्न सुटत नाही, हे पनवेल परिसरातील भातप्रधान आहाराच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : स्थूलता, उष्मांक, इन्शुलिन, पिष्टमय पदार्थ, मात्रा, भातप्रधान आहार.

१. प्रास्ताविक

आहार हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. समाज काय खातो, केव्हा खातो आणि कोणाच्या सांगण्यावरून खाणे बदलतो, यातून त्या समाजाची ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी प्रकट होते. गेल्या दशकभरात मराठी मध्यमवर्गात 'तुम्ही दीक्षित की दिवेकर?' हा प्रश्न लग्नसमारंभांत, कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या प्राध्यापककक्षांतही विचारला गेला. साहित्यातील किंवा राजकारणातील पक्षांप्रमाणे आहारातही दोन पक्ष पडावेत, ही घटना अभ्यासनीय आहे. मात्र या चर्चेत व्यक्तींची तुलना अधिक झाली आणि युक्तिवादांची परीक्षा त्या मानाने कमी झाली. ती उणीव ध्यानात घेऊन प्रस्तुत विवेचन केले आहे.

२. वादाची पूर्वपीठिका

पिष्टमय पदार्थ वर्ज्य करण्याचा विचार नवा नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपल्या स्थूलतेविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली व पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडल्याने वजन उतरल्याचे सांगितले. १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी हाच विचार लोकप्रिय केला. दुसऱ्या बाजूस, विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नघटकांचे उष्मांक निश्चित केले. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी, हा हिशेब त्यांच्याच संशोधनातून आला. १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने ही मोजणी अमेरिकेतील घराघरांत पोहोचविली.

भारतात हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके सिद्ध केली. डॉ. सी. गोपालन यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. ही कोष्टके रुग्णालये व गृहविज्ञानाचे वर्ग यांत रुजली. घरगुती स्वयंपाकात मात्र ती उतरली नाहीत. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. त्याची चर्चा पुढे केली आहे.

३. दीक्षित यांची मांडणी : नियमाचे सामर्थ्य

डॉ. जगन्नाथ दीक्षित हे जनआरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या व्याख्यानांतून आपल्याला ही दिशा मिळाली, असे ते कृतज्ञतापूर्वक नमूद करतात. 'विनासायास वेट लॉस' या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आहारयोजनेचे सूत्र थोडक्यात असे : खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवावे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा अशा मोजक्या पेयांवर राहावे, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. प्रत्येक खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते आणि इन्शुलिनची पातळी चढी असेपर्यंत शरीरातील चरबी वापरली जात नाही, हा यामागील युक्तिवाद आहे. पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा पुरस्कार करणारे संशोधकही हाच युक्तिवाद करतात. फरक इतकाच, की ते इन्शुलिनला आवर घालण्यासाठी पदार्थ कमी करतात, तर दीक्षित खाण्याच्या वेळा कमी करतात.

या मांडणीचे यश तिच्या भाषेत आहे. तराजू नाही, कोष्टक नाही, महागडे पदार्थ नाहीत आणि शुल्कही नाही. एकादशी व चातुर्मास पाळणाऱ्या समाजाला वेळेचे बंधन परके वाटत नाही. 'किती खाल्ले?' या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड असते. 'किती वेळा खाल्ले?' याचे उत्तर कोणालाही देता येते. नियम जितका साधा, तितका तो पाळला जाण्याचा संभव अधिक, हे या योजनेने दाखवून दिले. २०१८ मध्ये राज्य शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षित यांची सदिच्छादूत म्हणून निवड केली, ती या लोकप्रियतेची पावती होती.

तथापि शीर्षकातील 'विनासायास' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. सकाळी पाहुण्यांकडे गेल्यावर पोह्यांची बशी नाकारणे हा आयासच आहे. तो आयास शरीराचा नसून सामाजिक आहे, एवढेच. शिवाय पंचावन्न मिनिटांत काय व किती खावे, याविषयी निरोगी व्यक्तीला ही योजना बरीच मोकळीक देते. त्यामुळे वजन उतरल्यास ते इन्शुलिन कमी वेळा स्रवल्याने उतरले की मधल्या वेळचा फराळ, बिस्किटे व साखरेचा चहा बंद झाल्याने एकूण आहारच घटला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

४. दिवेकर यांची मांडणी : परंपरेचे समर्थन

ऋजुता दिवेकर यांचे 'डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट' हे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. उठल्यावर प्रथम चहा न घेता काहीतरी खावे, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, रात्रीचे जेवण लवकर उरकावे, हे त्यातील प्रमुख दंडक होत. पुढील लेखनात स्थानिक, हंगामी व पारंपरिक अन्नाचा पुरस्कार त्यांनी अधिक ठळकपणे केला. भात, तूप, नारळ, केळी या पदार्थांना अपराधी ठरविणाऱ्या विचाराला त्यांनी ठाम विरोध केला. उष्मांक मोजणे म्हणजे अन्नाशी असलेले नाते बिघडविणे होय, अशी त्यांची भूमिका आहे.

या भूमिकेचे सांस्कृतिक मोल नाकारता येत नाही. आजीच्या स्वयंपाकघराला तिने प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि परदेशी धान्ये व डबाबंद चूर्णे यांच्या बाजारपेठेला मराठीतून प्रश्न विचारला. परंतु येथे 'परंपरा' ही एकजिनसी व कालातीत गृहीत धरलेली दिसते. आजीचे ताट आजीच्या श्रमांसाठी होते. दळण, कांडण, पाणी वाहणे आणि शेतातील लावणी हे त्या ताटाचे अदृश्य घटक होते. श्रम वजा करून ताट तेवढेच ठेवले, तर परंपरा पाळली गेली असे म्हणता येईल काय, या प्रश्नाची पुरेशी दखल या मांडणीत घेतली जात नाही.

५. चाचण्यांचा निर्वाळा

दोन्ही मांडण्यांची कसोटी पुराव्यावर लावल्यास चित्र काहीसे वेगळे दिसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ८११ व्यक्तींना चार प्रकारचे आहार देण्यात आले. त्यांतील पिष्टमय पदार्थांचे प्रमाण ३५ ते ६५ टक्के होते, मात्र उष्मांकांतील कपात सर्वांना सारखीच होती. दोन वर्षांनंतर चारही गटांतील वजनघट जवळजवळ सारखीच आढळली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील चाचणीत ६०९ व्यक्ती होत्या. वर्षअखेरीस कमी स्निग्ध आहाराच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो, तर कमी पिष्टमय आहाराच्या गटाचे ६.० किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. विशेष म्हणजे या चाचणीत कोणालाही उष्मांक मोजण्यास सांगितले नव्हते. साखर व प्रक्रियायुक्त मैदा टाळून भाज्या वाढवा, एवढेच दोन्ही गटांना सांगण्यात आले होते.

वेळेच्या बंधनाविषयीही पुरावा आहे. चीनमधील ग्वांगझू येथील १३९ स्थूल व्यक्तींवरील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. उष्मांक दोन्ही गटांत मर्यादित होते. एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याचे अधिक बंधन होते. बारा महिन्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट प्रागमधील २०१४ च्या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना समान उष्मांक दोन किंवा सहा जेवणांत विभागून दिले असता दोन जेवणांच्या पद्धतीत वजन अधिक उतरले. परंतु ती दोन जेवणे न्याहारी व दुपारचे भोजन होती. रात्रीचे जेवण त्यांत नव्हते. हा पुरावा दीक्षित यांच्या मांडणीस अंशतः पोषक आहे आणि दर दोन तासांनी खाण्याच्या आग्रहास पोषक नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

मधुमेहींच्या बाबतीत कमी पिष्टमय आहाराची बाजू काहीशी बळकट आहे. २०२१ मध्ये २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांनी या आहाराने रक्तशर्करेवरील नियंत्रण अधिक चांगले आढळले. बारा महिन्यांनी मात्र हा लाभ बराच ओसरला होता.

मोजणीची बाजूही निर्दोष नाही. आहार कमी करूनही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या व्यक्तींचा १९९२ मध्ये अभ्यास झाला. त्यांनी नोंदविलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता. तात्पर्य, उष्मांकांचा नियम खरा असला तरी उष्मांकांची वही खरी असतेच असे नाही.

६. पनवेल परिसरातील ताट

हे सर्व निष्कर्ष प्रत्यक्ष ताटापाशी आणल्यावरच त्यांचा अर्थ कळतो. पनवेल हा मूळचा भातशेतीचा तालुका. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी, भात, मासळीचे कालवण आणि पावसाळ्यात सुके बोंबील व सुकट हा नित्याचा आहार. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. शेत व मिठागर यांतील श्रम गेले. नोकरी, रिक्षा, दुकान आणि लोकलचा प्रवास आला. भात मात्र ताटात तेवढाच राहिला. पूर्वी श्रमाचे इंधन असलेला भात आता संचय होऊ लागला. दोष भाताचा नाही, आणि भात निर्दोष आहे असेही नाही. भात व श्रम यांचा हिशेब तुटला आहे.

या ताटाला उष्मांकमोजणी लावून पाहावी. तांदळाची भाकरी हाताने थापली जाते. चाळीस ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे १४० किलोकॅलरी देईल, तर साठ ग्रॅमची सुमारे २१०. तीन भाकऱ्यांत दोनशे किलोकॅलरींचा फरक केवळ थापणाऱ्या हातामुळे पडतो. कालवणातील तेल व खोबरे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. एका पातेल्यातून सहा माणसे जेवतात, तेथे वैयक्तिक मोजणी ही कल्पनाच परकी ठरते. शिवाय घरातील स्त्री बहुधा शेवटी जेवते आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून खाते. तिचे प्रमाण तिने नव्हे, तर पातेल्याने ठरविलेले असते. दोन्ही मांडण्या व्यक्तीला उद्देशून बोलतात. पातेल्याला उद्देशून त्यांतील एकही पुरेसे बोलत नाही.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ असूनही शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. भारतीय शरीर सडपातळ दिसूनही आतून स्थूल असू शकते. त्यामुळे 'किती किलो उतरले?' हा दोन्ही पक्षांचा लाडका प्रश्न अपुरा ठरतो. कंबरेचा घेर, रक्तशर्करा व स्नायूंचे बळ यांचीही दखल घेणे आवश्यक आहे. ज्या ताटात भात भरपूर आणि डाळ पातळ असते, तेथे नुसते जेवण कमी केल्यास चरबीबरोबर स्नायूही घटण्याचा धोका संभवतो.

येथेच प्रश्न गंभीर होतो. मधुमेहाची औषधे, विशेषतः इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने औषध तसेच ठेवून एकाएकी जेवणे कमी केली, तर रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. व्याख्यानात सांगितलेले अपवाद शेजाऱ्याकडून कानोकानी आलेल्या पथ्यात गळून पडतात. नियम साधा असणे हे त्याचे सामर्थ्य होय. साधेपणात अपवाद हरवणे ही त्याची मर्यादा होय.

७. मात्रेचा विचार

पनवेलला पथ्यविचार नवा नाही. 'श्री धूतपापेश्वर' हा आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा उद्योग येथेच १८७२ मध्ये सुरू झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच 'मात्राशितीय' आहे. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या पचनशक्तीवर अवलंबून असते आणि जड व हलक्या पदार्थांची मात्रा भिन्न असते, हा त्यातील विचार आहे. त्याला आधुनिक चाचण्यांचे प्रामाण्य आहे असा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु संकल्पना म्हणून 'मात्रा' मोजणी व वर्ज्यता या दोहोंहून भिन्न आहे. मोजणी सर्वांना एकच एकक लावते, वर्ज्यता पदार्थाला किंवा वेळेला दोषी ठरवते. मात्रा मात्र खाणारा, पदार्थ व श्रम यांचा एकत्र विचार करते. दीक्षित यांची 'खरी भूक' आणि दिवेकर यांचा भूक ओळखून ताट वाढण्याचा आग्रह, दोन्ही शेवटी मात्रेपाशीच येतात. अनुयायांच्या वादात नेमका हा समान धागा नजरेआड झाला.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, वजन घटविण्यापुरते पाहता कमी पिष्टमय आहार व उष्मांकमर्यादा यांत सरस-नीरस ठरविण्याइतका फरक दीर्घकालीन चाचण्यांत आढळत नाही. जी पद्धत व्यक्तीला व तिच्या घराला निभावता येते, ती तिच्यासाठी योग्य होय. दुसरा, भातप्रधान ताट व बैठे काम यांचा मेळ बसत नसल्याने पिष्टमय पदार्थ कमी करून डाळ, मासळी, अंडी व भाज्या वाढविणे येथे सयुक्तिक आहे. मधुमेहींना तर ते अधिकच. तिसरा, उष्मांकमोजणी ही जन्मभराची शिस्त म्हणून टिकत नसली तरी दोन-तीन आठवड्यांचे शिक्षण म्हणून उपयुक्त आहे. भाकरी व तेलाची पळी एकदा वजनकाट्यावर ठेवली, की डोळ्यांना मात्रेचा अंदाज येतो. त्यानंतर काट्याची गरज उरत नाही. चौथा, औषधे घेणाऱ्या रुग्णाने कोणतीही आहारयोजना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आरंभू नये.

दीक्षित व दिवेकर यांनी आहार हा विषय मराठीत सार्वजनिक चर्चेचा केला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. यापुढील चर्चा मात्र 'कोणाचे ऐकावे?' या प्रश्नाकडून 'पातेल्यात काय व किती शिजावे?' या प्रश्नाकडे वळणे अगत्याचे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील एकट्या स्त्रीवर न सोपविता साऱ्या कुटुंबाने मिळून द्यावयाचे आहे.