फुकटच्या पापडांचा हिशोब

पितळी पातेलं, सारवलेलं अंगण, मागे बासरी. एक बाई नागलीच्या पिठाची उकड काढते, गोळे करते, पापड लाटते आणि दीड मिनिटात सुपात पापडांची चळत उभी राहते. खाली ओळ येते : विकतचं सोडा, आजीचं शिका, पैसे वाचवा. तुमच्याही मोबाइलवर हे येत असणार. पापड नसतील तर रिठ्याचा शाम्पू असेल, जुन्या साड्यांची गोधडी असेल, राखेनं घासलेली भांडी असतील. हा आता एक साहित्यप्रकारच झालाय. त्याचं पात्र ठरलेलं आहे, शेवट ठरलेला आहे, संगीतसुद्धा ठरलेलं आहे. मग त्याची समीक्षाही व्हायला हवी. नुसतं 'किती छान' किंवा 'किती खोटं' म्हणून पुढे सरकवण्याइतका तो किरकोळ राहिलेला नाही, कारण तो बघून माणसं खरोखर कामाला लागतात. मीही लागलो.

मागच्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं वाढलं आणि मी खर्चाची एक्सेल शीट उघडली. किराण्याची रांग बघून पहिल्यांदा आठवली ती नागली. आमचं मूळ गाव पेठ तालुक्यातलं. सावळ घाट चढून गेलात की पावसाळ्यात दोन्ही बाजूंच्या उतारांवर नागली, वरई आणि खुरासणी दिसते, तो भाग. घरात नागलीचे पापड लहानपणापासून खाल्लेले. केलेले मात्र कधीच नाहीत, कारण मी मुलगा आणि शिवाय 'अभ्यास करणारा'. म्हणून व्हिडिओ लावला आणि दोन किलो नागली ऑनलाइन मागवली.

व्हिडिओत नागली भिजवणं एका कटमध्ये संपतं. मला तीन दिवस लागले, रोज पाणी बदलत. मग ती सुकवली, पण पुरेशी नाही, त्यामुळे गिरणीवाल्यानं पिशवी तशीच परत दिली. पीठ वस्त्रगाळ करायचं असतं हे व्हिडिओत नव्हतं. पापडखार किती, तेही नव्हतं. मुठीतून काहीतरी पांढरं पडताना दिसलं, एवढंच. बाल्कनीत ऊन सकाळी जेमतेम दीड तास. ८३ पापड लाटले. काही तडकले, काहींना बुरशी आली, तळण्याजोगे ३१ उरले. दोन शनिवार-रविवार मिळून माझे अकरा तास गेले, गॅस वेगळा. शीटमध्ये 'बचत' या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना.

आमच्या कामात असं डॉक्युमेंटेशन कुणी दिलं तर आम्ही त्याला शिव्या घालतो. मशीनवर आधी काय काय असायला हवं ते लिहिलेलं नाही, एरर आली तर काय करायचं ते नाही, फक्त शेवटचा हिरवा टिक दाखवलेला. काटकसरीच्या या व्हिडिओंचा मूळ दोष हाच आहे असं माझं मत आहे. खोटेपणा हा दोष त्या मानानं छोटा. ती बाई पापड खरंच करते. पण माप, वेळ आणि फसलेले पापड या तीन गोष्टी कापल्याशिवाय 'फुकट' हा शब्द तिथे बसत नाही.

याच्या शेजारी 'रुचिरा' ठेवून बघा. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि पुढे 'एक लाख सुनांची सासू' अशी त्यांची ओळख झाली. पुस्तकाची सगळी ताकद वाटी आणि चमच्यात आहे. सासूच्या हाताखाली राहून, तिची बोलणी खाऊन जे शिकावं लागायचं, ते बाईंनी मोजून लिहून ठेवलं. 'अंदाजानं' हा शब्द ज्या स्वयंपाकघरात सत्ता गाजवायचा तिथे एक वाटी, दोन चमचे असं लिहिणं हे मला आजही धाडसाचं वाटतं. अंदाज म्हणजे ज्याला येतं त्याची मालकी. माप दिलं की ती मालकी जाते. व्हिडिओतली मूठ आपल्याला पुन्हा त्या अंदाजाकडे नेते, आणि वर त्याला परंपरा म्हणते.

व्हिडिओची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. उकड हाताला कशी लागली पाहिजे, गोळा किती मळल्यावर चकाकतो, हे पुस्तक सांगू शकत नाही. हात दाखवणं कॅमेऱ्यालाच जमतं. म्हणूनच त्यानं बाकीचं कापलं याचा जास्त राग येतो.

'रुचिरा'लाही एक भिंत आहे. तिथे धान्य दुकानातून येतं आणि पाणी नळातून. तिच्या वाचकांसाठी ते बरोबरच होतं. पण व्हिडिओवाले जेव्हा 'स्वयंपूर्ण गाव' म्हणून आमच्यासारख्या भागाचं अंगण दाखवतात, तेव्हा हिशोब त्या भिंतीच्या पलीकडून सुरू व्हायला हवा. नागली पापडाआधी वर्षभर चालू असते. पावसाच्या आधी राब भाजायचा : फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळायची. त्यावर बी टाकायचं. रोपं आली की पावसात ओणवं राहून उतारावरच्या वरकस जमिनीत ती लावायची. मग निंदणी, कापणी, झोडणी. नागली साठवणीला उत्तम, वर्षानुवर्षं किडत नाही, आणि काटकसरीचं खरं शहाणपण तिथे आहे : ज्या वर्षी भात बुडतो त्या वर्षी कणगीतली जुनी नागली घर तगवते.

तरीही ती घर पूर्ण चालवत नाही. मीठ, तेल, कापड, औषध, शाळेची वही यांना रोख पैसे लागतात. म्हणून पीक घरात आलं की पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. गोधडी शिवता येणारे, बांबूची टोपली विणता येणारे, रानातली भाजी ओळखणारे हेच हात तिथे द्राक्षांच्या घडांची विरळणी करतात. कौशल्यानं स्वयंपूर्ण होता येत असतं, तर ही जीप भरून जाणारी माणसं सगळ्यात आधी झाली असती. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, नागलीची पोस्टरं लागली. २०२५-२६ चा तिचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, म्हणजे किलोला ४९ रुपयेसुद्धा नाही. मी मागवलेल्या पाकिटावर 'रागी' असं नाव होतं आणि किंमत याच्या दुपटीहून जास्त.

या साहित्यप्रकाराची जगातली सगळ्यात मोठी कलाकार बहुधा चीनच्या सिचुआन प्रांतातली ली झीची. बांबूचं फर्निचर, सोया सॉस, रेशीम, सगळं बियाण्यापासून नाहीतर किड्यापासून स्वतः करणारी. तिची कारागिरी अस्सल आहे, तिच्या फ्रेम्स मी तासन् तास बघितल्यात. २०२१ मध्ये तिचे व्हिडिओ अचानक थांबले आणि कळलं की मागे एक कंपनी होती आणि तिच्याशी मालकीचा वाद झाला होता. ती परतली २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. एकट्या बाईच्या स्वयंपूर्णतेचा सगळ्यात सुंदर चित्रपट कंपनीशी वाद झाल्यावर बंद पडतो, याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

मला आपल्याकडचे रानभाज्यांचे व्हिडिओ जास्त काळजीचे वाटतात. पावसाच्या सुरुवातीला शेवळं उगवतात. 'जंगलातली फुकट भाजी' म्हणून ती आता शहरातही विकली जातात. शेवळं नीट निवडली नाहीत आणि शिजवताना काकडाची फळं किंवा चिंचेसारखं काही आंबट घातलं नाही, तर घसा असा खाजतो की पाणीही गिळवत नाही. मी पाहिलेल्या एका व्हिडिओत काकड दिसतात, पण ती कशासाठी ते सांगितलेलं नाही. चवीचा भाग वाटावा अशी ती पडतात. परंपरेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ बहुतेक वेळा 'असं केलं नाही तर काय होतं' ही असते.

मराठीत घरकामाचा पुरा हिशोब लिहिलेला सापडतो, पण तो पाककृतींच्या पुस्तकांत नाही. तो आहे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाईंचं आत्मचरित्र १९३४ ते ३६ दरम्यान भागाभागांनी आलं. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरातल्या बायकांचे कसे हाल झाले, पुढे नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नसताना संसार कसा रेटला, हे त्या हसत सांगतात. फजिती कापत नाहीत. त्यामुळे त्या घरात काय काय जमत होतं ते वाचताना, ते किती महाग पडत होतं हेही आपोआप कळतं. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी बासरी निवडण्याआधी हे पुस्तक वाचावं असं सुचवेन.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मावशीला पापडांचा व्हिडिओ दाखवला. तिनं तो दोनदा बघितला. पापडांबद्दल काही बोलली नाही. "हिनं अंगण सारवलं, एवढी भांडी घासली. पाणी कुठून आणलं?" एवढंच विचारलं. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांपैकी आमचा एक, आणि पापडाचे दिवस म्हणजे एप्रिल-मे, जेव्हा विहिरी तळाला जातात आणि बायका हंडे घेऊन झऱ्यावर उतरतात. तिचं पापड करायचं गणित आधी हंड्यांत असतं. तीन दिवस पाणी बदलायचं म्हणजे किती खेपा, हे तिला तोंडपाठ आहे. माझ्या शीटमध्ये पाण्याचा रकानाच नव्हता.

तो आता घातलाय. तिनं सांगितलं तसं लिहून घेतोय : किती नागलीला किती पापडखार, किती हंडे, किती दिवस, ढग आले तर काय, किती पापड वाया जातात. वाटीचं माप तिच्याकडे नाही, तिच्याकडे एक जुना तांब्या आहे. तो मी पुण्याला आणून वजनकाट्यावर ठेवला. शेवळांचं मात्र तिनं फोनवर सांगायला साफ नकार दिला. "लिहून नाही कळायचं रे, पावसात ये." जूनची चार दिवसांची सुट्टी टाकलीय, मॅनेजरनं अजून मंजूर केलेली नाही.