देवाची मर्यादा आणि कर्ममेळ्याचा जाब

सर्वशक्तिमान देवाला मर्यादा असू शकते काय? मराठी कवितेत हा प्रश्न चौदाव्या शतकातच चोखामेळ्याच्या घराने उभा केला. वाचणाऱ्यांनी मात्र त्यात लीनताच पाहिली. चोखोबा आपल्या दुःखाचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात. या उत्तराने देवाचे सामर्थ्य शाबूत राहते, पण भोगणाराच गुन्हेगार ठरतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा हे मानीत नाही. हीन जातीत जन्म का दिलास, असा जाब तो थेट विठ्ठलाला विचारतो. येथे त्याचा अभंग बापाच्या पुढे जातो.

विठ्ठल गप्प राहिला. पंढरपूरचे दार १९४७ साली उघडले, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. पुण्यात बिबवेवाडीजवळची पर्वतीच पाहा. १९२९ साली तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगड पडले. हे दगड कोणत्या पूर्वजन्माचे? ते मारणारे हात याच जन्मीचे होते. देवाची मर्यादा म्हणतात, ती माणसांनीच आखली.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा विचार निर्मात्याला वगळून केला आणि धम्म माणसामाणसांतील नात्यावर उभा केला. कर्ममेळ्याचा जाब खरा होता. तो द्यायचा आहे माणसाने.