कीर्तीचे मूल्य आणि रहस्यकथेचा संकेत

रहस्यकथेत बळी पडणारी व्यक्ती बहुधा कथाचक्राला गती देणारे निमित्त असते. तिच्यासाठी वाचकाने शोक करावा अशी अपेक्षा नसते. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' (१९६२) या कादंबरीचे वैशिष्ट्य हे की, तीत हाच संकेत कीर्तीच्या चिकित्सेचे साधन बनला आहे.

विख्यात चित्रपटनटी मरीना ग्रेग सेंट मेरी मीड या खेड्यात राहावयास येते. तिच्या घरच्या समारंभात हेदर बॅडकॉक ही सामान्य गृहिणी मरीनाने देऊ केलेल्या पेल्यातील पेय पिऊन मरण पावते. विष मरीनासाठीच होते, असे पोलिसांसह सर्व जण धरून चालतात. या तर्काला पेल्याच्या अदलाबदलीचा आधार आहे खरा. परंतु त्याला बळ देते ते एक अनुच्चारित गृहीत : हेदरसारख्या बाईला कोण कशाला मारील? त्या प्रसंगी मरीनाची नजर थिजली होती. साक्षीदार तीत जिवाची भीती वाचतात. वस्तुतः ती नजर भिंतीवरील माता व बालकाच्या चित्रावर खिळलेली असते. म्हणजे वाचकाची दिशाभूल करते ती कीर्तीच.

मिस मार्पल उकलतात ते रहस्य असे : पूर्वी हेदर जर्मन गोवराने आजारी असता अंथरुणातून उठून, पुरळ प्रसाधनाने झाकून, मरीनाची स्वाक्षरी घ्यावयास गेली होती. मरीना तेव्हा गर्भवती होती. हा आजार गर्भास बाधतो, हे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले होते. लस मात्र १९६९ पर्यंत उपलब्ध नव्हती. मरीनाचे मूल मतिमंद जन्मले. एकच घटना हेदरच्या लेखी आयुष्याचा अभिमान, तर मरीनाच्या लेखी सर्वनाश. हेदर दुष्ट नाही. आपल्या प्रेमाचा दुसऱ्यावर काय परिणाम होईल, हा विचार तिला शिवतच नाही, इतकेच. चाहत्याला नटी ठाऊक असते, नटीला चाहता ठाऊक नसतो. या एकतर्फी नात्यातच कीर्तीचे मूल्य दडलेले आहे.

तथापि मरीना केवळ बळी नव्हे. हौसेने दत्तक घेतलेली मुले तिने पुढे दूर केली; त्यांपैकी मार्गॉट बेन्स ही संशयितांत येते. हेदरचाच अविचार येथे मरीनाच्या अंगी दिसतो. गुन्हा लपविण्यासाठी ती आणखी दोन हत्या करते, तेव्हा मूल्य चुकविण्याचा भार पुन्हा अप्रसिद्धांवरच पडतो.

हेदरचा पती हाच मरीनाचा पहिला पती निघावा, हा योगायोग कृत्रिम वाटतो. त्याहून गंभीर उणीव अशी की, ज्या मुलामुळे हे सारे घडते, त्याला कादंबरीत आपत्तीपलीकडे अस्तित्व नाही. सामान्यांचे जिणे कीर्तीच्या छायेत कसे अदृश्य होते, हे दाखविणाऱ्या कृतीने सर्वांत असहाय जीवाला अदृश्यच ठेवावे, ही तिची मर्यादा होय.