शालान्त परीक्षेचा इंग्रजी सराव : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

१

परीक्षेसाठी केलेला सराव आणि भाषा आत्मसात करण्यासाठी केलेला सराव या दोन गोष्टी वस्तुतः एकच होत, असे गृहीत धरून मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांतून इंग्रजीचे अध्यापन चालत असते. हे गृहीत कितपत साधार आहे, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शालान्त परीक्षेच्या सरावात व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन अशी तीन अंगे मानली जातात. त्या तिन्हींचा विचार येथे मराठी भाषिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने केला आहे. उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे तालुक्याचे गाव घेतले आहे, आणि या निवडीस भाषिक इतिहासाचे कारण आहे.

वसमत हे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातील माध्यमिक शिक्षणाची भाषा मुख्यतः उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास आरंभ केला, परंतु इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ पासून होत असल्याने पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकण्याची परंपरा लाभली. वसमतच्या मुलास मात्र घरची मराठी, शाळेची उर्दू आणि परीक्षेची इंग्रजी असा त्रिविध प्रवास करावा लागे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. वसमत प्रथम परभणी जिल्ह्यात व १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात गणले जाऊ लागले. या संक्रमणाचा शैक्षणिक अर्थ असा की, इंग्रजीचे मर्म आपल्या मातृभाषेतून समजून घेण्याची संधी येथील विद्यार्थ्यास फार उशिरा मिळाली. ती संधी आजच्या सरावपद्धतीने कितपत साधली, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

२

१९७५ साली दहावीअखेरची शालान्त परीक्षा सुरू झाली. २००० सालापासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे शालान्त परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे आता दहा वर्षांचे इंग्रजी असते. २०१८ साली दहावीचे पाठ्यपुस्तक बदलले. प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत १० गुण भाषाभ्यासास, २० पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांस, १० कवितेस, १५ पाठ्येतर उताऱ्यांस, २० लेखनास आणि ५ भाषांतरास दिलेले आढळतात.

या विभागणीत विद्यार्थ्याचे हित पाहण्याचा प्रयत्न निश्चितच आहे. वर्णानुक्रमाने शब्द मांडणे, गाळलेली अक्षरे भरणे, एका शब्दाच्या अक्षरांतून चार शब्द तयार करणे, अंत्याक्षरावरून शब्दसाखळी पुरी करणे, अशा कृती दुर्बल विद्यार्थ्यासही जमाव्यात म्हणून योजलेल्या आहेत. अनेकांना ३५ गुणांचा उंबरठा त्यांच्याच आधाराने ओलांडता येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निराळा. परीक्षेचा जो भाग मोजण्यास सोपा, तोच सरावाचा मुख्य विषय होऊन बसतो. बाजारातील मार्गदर्शके आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच त्याचीच शेकडो आवर्तने छापतात. आणि मराठी भाषिकास इंग्रजीत जेथे खरी अडचण येते ती स्थळे सरावाबाहेर राहतात.

३

व्याकरणाच्या सरावातील सर्वपरिचित प्रकार म्हणजे वाक्याचा ‘व्हॉइस’ बदलणे. तो शिकविताना ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे कर्तरी प्रयोग आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे कर्मणी प्रयोग, असे समीकरण सर्रास दिले जाते. हे समीकरण सदोष आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत प्रयोगविचाराची जी चर्चा झाली, तिचा गाभा क्रियापदाचे रूप कोणाच्या लिंगवचनानुसार बदलते, हा आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणून प्रयोग कर्मणी. तथापि या वाक्यांचे इंग्रजी रूपांतर ‘राम एट अ मँगो’ असे, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’च होते. इंग्रजी ‘पॅसिव्ह’मध्ये कर्त्याचे स्थान काढून घेतले जाते, मराठीत त्याला जवळचे रूप ‘आंबा खाल्ला गेला’ हे आहे.

वरील समीकरण पाठ केलेल्या विद्यार्थ्यास ‘ने’ दिसताच ‘बाय’ सुचले, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. त्याला शिकविलेला नियमच त्याला तेथे नेतो. मराठीतील सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ बहुधा ‘ने’नेच व्यक्त होत असल्यामुळे ही चूक विरळा संभवणारी नसून पदोपदी संभवणारी आहे. पूर्वीच्या पिढीच्या उर्दूतही ‘ने’ची रचना अशाच स्वरूपाची होती, म्हणजे माध्यम बदलले तरी अडचणीचे स्थळ तेच राहिले.

सरावातील दुसरा दोष असा की, ‘पॅसिव्ह’ कोणत्या प्रसंगी वापरावयाचे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. वसमत हे हळदीच्या व्यापाराचे गाव. ‘वसमत हळद’ या नावास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढली जाते, शिजवली जाते, वाळवली जाते, तिला पॉलिश केले जाते आणि मग तिचा लिलाव होतो, ही प्रक्रिया येथील मुलांच्या नित्य पाहण्यातली. या वर्णनात कर्ता कोण हे महत्त्वाचे नसते, म्हणूनच कर्त्यावाचूनची रचना येथे स्वाभाविक ठरते. इंग्रजीतही ‘पॅसिव्ह’चे एक मुख्य कार्य हेच आहे. सरावातील वाक्यात मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी ‘बाय’ लावून कर्ता शेपटीसारखा जोडावयास लावतात, त्यामुळे रचनेचे प्रयोजनच झाकले जाते.

याच प्रक्रियेतील एक क्रियापद घेतले तर दोन भाषांतील भेद अधिक स्पष्ट होतो. ‘हळद वाळते’, ‘शेतकरी हळद वाळवतो’ आणि ‘हळद वाळवली जाते’ या तीन अर्थांसाठी मराठी तीन रूपे वापरते. इंग्रजीत ‘द टर्मरिक ड्राइज’ आणि ‘द फार्मर ड्राइज द टर्मरिक’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच राहते, केवळ तिसऱ्यात ‘इज ड्राइड’ होते. मराठी जे रूपाने सांगते ते इंग्रजी शब्दक्रमाने सांगते. हे एकदा उमगले की पन्नास वाक्ये उलटसुलट करण्याची गरज उरत नाही. आणि ते उमगले नाही, तर पन्नास वाक्ये उलटसुलट करूनही कोणताच लाभ होत नाही.

४

रिकाम्या जागा भरण्याचा सराव हे दुसरे उदाहरण होय. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांपैकी योग्य ते उपपद लिहा, असे सांगून रेघ आखलेली असते. मराठीत उपपदे नाहीत. नाम निश्चित आहे की अनिश्चित, हे मराठी भाषिक ‘एक’, ‘तो’ यांसारख्या शब्दांनी, शब्दक्रमाने, तर कधी कर्माला ‘ला’ लावून किंवा न लावून सूचित करतो. त्यामुळे त्याची खरी अडचण तीन उपपदांतून एक निवडण्याची नसून, येथे उपपद हवे आहे याचीच जाणीव न होण्याची आहे. रिकामी जागा ती जाणीव आयती करून देते. म्हणजे प्रश्नाने अर्धे उत्तर दिलेले असते, आणि उरलेल्या अर्ध्यास गुण मिळतात. हाच विद्यार्थी पत्र लिहू लागला की तेथे रेघ नसते, आणि उपपदही नसते.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीतही असेच घडते. ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्ही शब्दांत मराठी एकाच ‘ई’ प्रत्ययाने काम भागविते. इंग्रजीत त्यांसाठी अनुक्रमे ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘ॲट’ अशी तीन निरनिराळी अव्यये लागतात. ‘मला ताप आहे’, ‘तिला गाणे येते’, ‘त्याला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांतील ‘ला’ तर इंग्रजीत नाहीसाच होतो आणि ती व्यक्ती वाक्याच्या कर्तृस्थानी येते. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली दोन भाषांच्या तौलनिक अभ्यासाचे जे तत्त्व मांडले, त्याचा आशय हाच की, शिकणाऱ्याची अडचण कोठे आहे याचा अंदाज त्याच्या मातृभाषेच्या रचनेवरून बांधता येतो. सर्वच चुका अशा रीतीने आधी ओळखता येत नाहीत, असे पुढील संशोधनाने दाखविले, एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली तर चूक ही शिकण्याच्या प्रक्रियेचीच खूण मानावी, असे प्रतिपादिले. परंतु या दोहोंपैकी कोणताही विचार स्वीकारला, तरी विद्यार्थ्याच्या चुकांचे निरीक्षण हाच सरावाचा आरंभ ठरतो. मुंबईस वा पुण्यास छापलेला एकच प्रश्नसंच सर्वांना पुरविल्याने ते साधत नाही.

५

शब्दसंग्रहाच्या सरावाविषयी थोडक्यात सांगता येईल. अक्षरांतून शब्द काढणे किंवा शब्दसाखळी पुरी करणे ही कृती वर्णरचनेची परीक्षा घेते. शब्द कोणत्या शब्दासोबत येतो, कोणत्या प्रसंगी योजला जातो, याचा तीत मागमूस नसतो. वस्तुतः वसमतच्या मुलाजवळ इंग्रजी शब्दांचे भांडवल बरेच असते. मात्र ते मराठी झालेले असते. ‘बॉयलर’, ‘क्विंटल’, ‘मार्केट’, ‘नंबर’, ‘पास’ हे शब्द तो रोज उच्चारतो. परंतु मराठीने ते आपल्या नियमांनी स्वीकारले आहेत. इंग्रजी क्रियापद मराठीत येताना ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांचा हात धरून येते: ‘पॉलिश करणे’, ‘पास होणे’. इंग्रजीत परत जाताना हा आधार सोडावा लागतो, आणि ‘क्लास’ या शब्दाचा शिकवणी हा अर्थ नेहमीच सोबत नेता येत नाही. ओळखीच्या शब्दांचा हा परतीचा प्रवास हा शब्दसंग्रहाच्या सरावाचा उत्तम विषय झाला असता. त्याची जागा अंत्याक्षरीने घेतली आहे.

६

वाचनाच्या अंगाचा विचार करताना मायकेल वेस्ट यांचे स्मरण होते. त्यांनी १९२६ साली बंगालमधील विद्यार्थ्यांच्या संदर्भात असे मत मांडले होते की, ज्याला शाळा मध्येच सोडावी लागणार आहे, त्यालाही वाचनाची शक्ती तेवढी आयुष्यभर उपयोगी पडते. कृतिपत्रिकेत उताऱ्यांना मिळालेले स्थान या मताशी सुसंगतच आहे. परंतु सरावातून विद्यार्थ्यास जी युक्ती शिकविली जाते ती अशी: आधी प्रश्न वाचावा, त्यातील ठळक शब्द उताऱ्यात शोधावा आणि ते वाक्य उतरून काढावे. या युक्तीने पुष्कळ उत्तरे बरोबर येतात. उतारा मात्र वाचला जात नाही.

उतारा समजला की नाही, हे पाहण्याचे एक साधन मराठी विद्यार्थ्याच्या हाती आहे. ते म्हणजे भाषांतर. इंग्रजी ‘वी’ मराठीत आणताना ‘आम्ही’ म्हणावे की ‘आपण’, हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. आणि ते ठरविण्यासाठी बोलणारा ऐकणाऱ्यास आपल्यात धरतो की नाही, हे समजावे लागते. ‘यू’साठी ‘तू’ की ‘तुम्ही’, हे ठरविताना दोन पात्रांचे वय, नाते आणि मान ध्यानी घ्यावे लागतात. ज्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात कोठेही छापलेले नसते, असा हा प्रश्न आहे. परंतु हे सर्व सलग उताऱ्याच्या भाषांतरात घडते. कृतिपत्रिकेतील ५ गुणांचे भाषांतर सुटे शब्द, सुटी वाक्ये आणि म्हण यांपुरते मर्यादित आहे, आणि त्याची दिशाही इंग्रजीतून मराठीकडे एवढीच आहे.

द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाला’ पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, त्या उभयदिशांनी भाषांतर करवून घेत असल्यामुळेच. त्यांतील वाक्येही पुष्कळदा सुटी व कृत्रिम होती, आणि त्यांनी बोलण्याची सवय लागली नाही, हा आक्षेप यथार्थ आहे. परंतु दोन भाषा समोरासमोर ठेवण्याचे जे कार्य त्या करीत होत्या, ते संवादाच्या नव्या पद्धतीच्या उत्साहात टाकून दिले गेले, आणि त्याच्या बदली जे आले त्यात बहुधा संवादही नाही.

७

एवढ्या विवेचनावर असा आक्षेप येऊ शकतो की, लक्षावधी उत्तरपत्रिका अल्पावधीत व एकाच मापाने तपासावयाच्या असल्याने परीक्षेस यांत्रिक प्रश्नांवाचून गत्यंतर नाही. हा आक्षेप परीक्षेपुरता मान्य करावा लागेल. सरावापुरता तो मान्य करता येत नाही. सराव वर्गात होतो आणि वर्गातील शिक्षकास आपल्या विद्यार्थ्याची भाषा ठाऊक असते. रिकाम्या जागांऐवजी उपपदे वगळलेला सलग उतारा देऊन ती स्थळे विद्यार्थ्यास शोधावयास लावणे, आठवड्यास एक छोटा उतारा मराठीत आणून काही दिवसांनी तो मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत नेणे, आणि हळदीच्या काढणीपासून लिलावापर्यंतची हकीकत आठ-दहा इंग्रजी वाक्यांत लिहविणे, या तीन गोष्टींस वेगळा खर्च लागत नाही. अशा सरावाने परीक्षेतील गुण घटण्याचेही कारण दिसत नाही, कारण परीक्षा जे विचारते ते यात अंतर्भूतच आहे.

शालान्त परीक्षेनंतर वसमतचा विद्यार्थी विज्ञानाकडे वा तंत्रशिक्षणाकडे वळला, की बहुधा सारा विषयच त्याला इंग्रजीतून वाचावा लागतो. तेथे प्रश्न आधी छापलेले नसतात आणि रेघाही आखलेल्या नसतात. दहा वर्षांच्या अध्ययनानंतर त्याने तेथे अडखळावे, आणि त्याचा दोष त्याच्या मराठीस दिला जावा, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. मराठीचा अडसर त्याला झालेला नसतो. मराठीचा उपयोग कसा करावा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उर्दूच्या काळात ते सांगण्याची सोय नव्हती, आज आहे.