आर्या : नातीच्या नावातली आजी

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी घरांत रुजलेल्या मुलींच्या नावांत 'आर्या' हे नाव ठळक आहे. एकाच वर्गात दोन आर्या असल्या की आडनावाचे आद्याक्षर जोडून त्यांना हाक मारावी लागते, हा अनुभव आता शिक्षकांना नवा नाही. बाजारात मिळणाऱ्या नामकोशांनी या नावाचा अर्थ ठरवूनही टाकला आहे : श्रेष्ठ, कुलीन, पूज्य, फार तर दुर्गादेवी. शेवटच्या अर्थाला आधार आहे. अमरकोशात पार्वतीच्या नावांमध्ये 'आर्या' येते. प्रश्न आहे तो 'कुलीन' या अर्थाचा. आर्यत्व कुळातून येते का, यावर या देशात अडीच हजार वर्षे वाद चालू आहे आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात झडला आहे. नामकोश मात्र त्या वादातली एकच बाजू उचलून बारशाच्या आमंत्रणपत्रिकेवर छापतो. त्यामुळे या नावाचे चरित्र जरा मुळापासून तपासायला हवे.

कुळ की आचरण?

ऋग्वेदात 'आर्य' हा शब्द स्वतःच्या समूहासाठी येतो आणि त्याच्या समोर 'दास' किंवा 'दस्यू' उभा असतो. म्हणजे 'आपण' आणि 'ते' हा भेद या शब्दात सुरुवातीपासून आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शब्द तिथेच थांबला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दासांविषयीचे नियम सांगताना आर्य म्हणजे गुलाम नसलेला, स्वतंत्र माणूस असा अर्थ दिसतो. अल्पवयीन शूद्र मुलाला विकणाऱ्या नातेवाइकाला तिथे दंड सांगितला आहे आणि त्या मुलाची गणनाही आर्यांत केली आहे. हा अर्थ वंशाचा नाही, कायद्यातल्या दर्जाचा आहे.

बुद्धाने हा शब्द आणखी पुढे नेला. चार आर्यसत्ये, आर्य अष्टांगिक मार्ग ही त्याची परिभाषा. प्राण्यांची हिंसा करणारा आर्य ठरत नाही, अहिंसेने वागणारा ठरतो, असे धम्मपद सांगते. जन्माचा दाखला बाजूला ठेवून आचरणाचा दाखला मागणारी ही व्याख्या आहे. १९५६च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या लाखो घरांत 'आर्य' हा शब्द या दाराने आला. बौद्ध कुटुंबांतल्या ज्या आर्या माझ्या पाहण्यात आहेत, त्यांच्या आईवडिलांनी नावाचा अर्थ सांगताना 'कुलीन' हा शब्द कधी वापरलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषाभ्यासातून हा शब्द वेगळाच होऊन परत आला. भाषाकुलाचे नाव वंशाला चिकटले. मॅक्स म्यूलर यांनी १८८८ साली स्पष्ट बजावले की आर्य ही संज्ञा भाषेपुरती आहे, रक्ताशी आणि कवटीशी तिचा संबंध नाही. तोवर उशीर झाला होता. पुढे जर्मनीत या शब्दाच्या नावाने काय झाले, ते जगाला माहीत आहे. आपल्याकडे १८७३च्या 'गुलामगिरी'त महात्मा फुल्यांनी आर्य म्हणजे बाहेरून येऊन इथल्या लोकांना दास करणारे, अशी मांडणी केली. १९०३ साली लोकमान्य टिळकांनी आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ शोधले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी शूद्रांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्तच वेदांच्या आधारे तपासून फेटाळला. तो ग्रंथ त्यांनी फुल्यांनाच अर्पण केला आहे. गुरू मानलेल्या माणसाचे गृहीतक असे नाकारता येते, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

अज्जा, अज्जिआ, आजी

हे सगळे पोथ्यांतले आणि सभांमधले. बोलीत या शब्दाचे काय झाले?

संस्कृत नाटकांत सूत्रधार नटीला 'आर्ये' म्हणतो आणि पत्नी पतीला 'आर्यपुत्र'. प्राकृत बोलणाऱ्या पात्रांच्या तोंडी त्याच शब्दाचे 'अज्जा' आणि 'अज्जउत्त' होते. संस्कृतातल्या 'र्य'चा प्राकृतात 'ज्ज' होणे हा नियमच आहे. पुढे मराठीत येताना जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर लांबतो. 'कार्य'चे 'कज्ज' आणि 'कज्ज'चे 'काज' असेच झाले. 'अद्य'चे 'अज्ज' होऊन आपला 'आज' आला. याच वाटेने 'आर्यक'चा 'अज्जअ' आणि त्याचा 'आजा' झाला. 'आर्यिका'ची 'अज्जिआ' आणि तिची आपली 'आजी' झाली. 'आजोळ' या शब्दातही तोच आजा बसलेला आहे.

पालीत हा शब्द 'अय्यिका' असा येतो. संयुत्तनिकायात त्या नावाचे एक सुत्तच आहे. कोसलराजा पसेनदी भर दुपारी बुद्धाकडे येतो आणि एकशेवीस वर्षांची आपली आजी वारल्याचे सांगतो. तिच्यासाठी काय वाटेल ते दिले असते, असे म्हणणाऱ्या त्या राजाच्या तोंडी आजीसाठी हाच शब्द आहे. जैन परंपरेत दिगंबर साध्वीला आजही 'आर्यिका' म्हणतात. राजवाड्यातली म्हातारी असो की सर्वसंगपरित्याग केलेली साध्वी, आदराने हाक मारायची तर शब्द एकच होता.

म्हणजे आज सत्तरीतली आजी नातीला 'आर्या' अशी हाक मारते आणि नात 'आजी' म्हणून ओ देते, तेव्हा दोघी एकाच शब्दाची दोन रूपे उच्चारत असतात. नातीचे रूप थेट संस्कृतातून उचललेले, पुस्तकी; आजीचे रूप दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी झिजून गुळगुळीत झालेले. कोणते अधिक जुने, हा प्रश्न इथे फसवा आहे. पण कोणते अधिक मराठी, असे विचारले तर माझे मत आजीच्या बाजूने पडेल.

छंदाचे नाव

मराठी वाचकाला 'आर्या' म्हटले की आणखी एक आठवण होते, ती मोरोपंतांची. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेल्या आणि बारामतीत आयुष्य घालवलेल्या या कवीने सबंध महाभारत आर्यांत रचले. आर्या हे मात्रावृत्त आहे. पहिल्या आणि तिसऱ्या चरणात बारा-बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा आणि चौथ्यात पंधरा. चौथा चरणही अठरा मात्रांचा केला की तिला 'गीति' म्हणतात. पंतांच्या बहुतेक आर्या शास्त्राप्रमाणे गीति आहेत, पण मराठीने त्यांना सरसकट आर्याच म्हटले.

या वृत्ताचे प्राकृत नाव 'गाहा'. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच वृत्तात आहे, महाराष्ट्री प्राकृतात. शेत, नदी, पाऊस, परगावी गेलेला नवरा हे तिचे विषय आणि कित्येक गाथा स्त्रियांच्याच तोंडी. आर्यभटाने इ. स. ४९९ मधले आपले गणितही मुख्यतः आर्येतच बांधले. मुलीला 'आर्या' म्हणताना आईबापांच्या मनात वृत्त असतेच असे नाही. पण 'ओवी', 'गाथा', 'ऋचा' ही नावेही याच काळात दिसू लागली, हे लक्षात घेता हा धागा अगदीच दूरचा नाही.

लोकप्रियतेची कारणे

नाव पसरते कसे, याचे सोपे उत्तर नेहमी पडद्याकडे बोट दाखवते. २००८-०९ मध्ये 'सा रे ग म प'च्या लिटिल चॅम्प्स पर्वातून आर्या आंबेकर घराघरांत पोहोचली आणि नाव सर्वांच्या कानांवर पडले. पण ती स्वतः १९९४ची. नाव तेव्हाही सुचत होतेच. स्पर्धेने ते ओळखीचे केले.

अमेरिकेचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे सरकार दरवर्षी नावांची क्रमवारी प्रसिद्ध करते. आपल्याकडे तशी सोय नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६च्या कादंबरीत आर्या स्टार्क ही तलवार चालवणारी मुलगी आहे. तिच्यावरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१९ साली, मालिका संपली त्याच वर्षी, हे नाव तिथल्या मुलींच्या पहिल्या शंभर नावांत गेले. पण पहिल्या हजारात ते मालिकेच्या आधीच, २०१० साली आले होते. त्याच सुमारास 'आरिया' हे नावही तिथे वर चढत होते. त्याचे मूळ इटालियन, अर्थ हवा किंवा गाण्याची चाल. आपल्या शब्दाशी काहीही नाते नाही. तिथल्या आईबापांना भावला तो नाद. अर्थ नंतर शोधला गेला.

आपल्याकडेही नादाचा वाटा मोठा आहे. दोनच अक्षरे, शेवटी आकार, परदेशी जिभेलाही जमेल असा उच्चार. मात्र रोमन लिपीत एक अडचण होते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर्य' आणि 'आर्या' सारखेच दिसतात. मग मुलगा की मुलगी कळेना. इराणमध्ये 'आर्या' हे मुलाचे नाव आहे आणि २००४च्या तेलुगू 'आर्या' चित्रपटाचा नायकही पुरुषच. आपले पालक यावर उपाय म्हणून सुरुवातीला 'ए' हे अक्षर दोनदा लिहितात. त्याने पहिला स्वर लांब होतो, घोटाळा तर शेवटच्या स्वराचा आहे! देवनागरीत एक काना पुरतो.

मुलीने विचारले तर

या नावाची मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की विचारतेच : माझ्या नावाचा अर्थ काय? 'श्रेष्ठ कुळातली' असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते देताना तिच्या हाती एक जुनी उतरंड आपण देतो आणि वर्गातल्या दुसऱ्या आर्येला कदाचित ते उत्तर लागूच पडत नाही. अर्थशास्त्रातला 'स्वतंत्र', धम्मपदातली 'चांगले वागणारी' आणि प्राकृतातून आलेली 'आजी', हे तीनही अर्थ तितकेच अस्सल आहेत. त्यांना कुळाची अट नाही. नामकोशाच्या पुढच्या आवृत्तीत 'कुलीन'च्या जागी यांतला एखादा छापला, तर दोन्ही आर्यांना तो चालेल.